लिंपलेली भिंत

सकाळी साडेनऊला डासांच्या औषधाची फवारणी करणारं पथक पहूरमध्ये सुपडू आबांच्या गल्लीत शिरलं, आणि थोड्याच वेळात त्यांच्या मुलीचा, कुंदाचा, सगळा पाला पांढरा झाला.

ओसरीत गोणपाटावर तिने कडुनिंब आणि निर्गुडी सावलीत वाळत घातली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थोरली बहीण तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी येणार, सगळी अंगणात झोपणार, म्हणून डास पळवणाऱ्या धुरीची ही तयारी. आता त्यावर भिंतीचं औषध उडालं होतं. असला पाला निखाऱ्यावर टाकला असता तर बाळाच्या नाकात विषच गेलं असतं.

"आवाज दिला होता मी," फवारणीवाला म्हणाला. तोंडावर रुमाल, वर नुसते डोळे.

"कोणाला? भिंतीला?"

"सामान झाका म्हणून काल दवंडी दिली होती."

"दवंडी वेशीपाशी वाजली. आमचं घर इकडे आहे."

उत्तर द्यायला त्याने रुमाल खाली ओढला. चेहरा वाईट नव्हता. कुंदाला त्याचाही राग आला. आपण अभिमन, धुळ्याचे, या हंगामापुरते कामावर आहोत, हे त्याने कोणी न विचारताच सांगून टाकलं. जाताना बजावलं की आखाजीचं लिंपण यंदा करू नका. डास भिंतीवर बसला की औषधाने मरतो, वर शेणमाती चढली की औषध फुकट.

दुपारी कुंदा शेण कालवायला बसली. आई झुंबरबाई म्हणाली, अगं, तो नको म्हणून गेला ना?

"म्हणूनच," कुंदा म्हणाली, आणि अख्खी भिंत सारवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी अभिमन भिंती बघायला परत आला. ओली भिंत पाहून त्याचे कान लाल झाले. दुपारी तपासणीचे साहेब येतात, लिंपलेलं घर सापडलं तर फवारणीवाल्याला घरी पाठवतात, हे त्याने दात आवळून सांगितलं. हात उडवत तो बोलत होता. त्यातला एक हात वळचणीच्या पोळ्याला लागला आणि गांधीलमाशी थेट त्याच्या मनगटावर उतरली.

तो मटकन ओट्यावर बसला. कुंदाने कांदा चिरून मनगटावर घासला. मग मीठ घालून तुळशीचा पाला कुटला आणि त्याचा गोळा डंखावर दाबून धरला – जरा जास्तच जोराने.

"आग शे नुसती," तो कळवळून म्हणाला. इतका वेळ बोललेली शुद्ध भाषा गेली आणि धुळ्याची बोली बाहेर आली.

तिला हसू आलं... ते दाबता आलं नाही.

"आता बरं शे?"

"चेष्टा करताय?"

"औषध करतेय. चेष्टा वरून फुकट."

"हात सोडा. ठीक आहे आता."

"मी ठरवीन." तिने हात सोडला नाही. त्यानेही ओढून घेतला नाही. तुळशीचं पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता त्या ओघळाकडे बघत राहिली.

एवढ्यात साहेब आले. त्यांनी भिंतीला बोट लावलं, शेण लागलेलं बोट पुढे धरलं आणि विचारलं, यांना लिंपू नका म्हणून सांगितलं नव्हतं? कुंदा तोंड उघडणार, तोच अभिमन म्हणाला, "नाही साहेब. सांगायचं राहिलं. माझी चूक."

त्याचं काम तिथेच गेलं.

कुंदाने त्याला बसस्टँडवर गाठलं. ऊन तापलं होतं, ती अनवाणीच आली होती.

"खोटं का बोललात? माझं नाव घ्यायला तोंड नव्हतं?"

"तुमच्या आबांना चार माणसांत साहेबाने बोललेलं मला चाललं नसतं."

"आणि मला काय चालतं, ते कोण विचारणार?"

"इतक्या का चिडताय? सुटलात माझ्यापासून."

"सुटायचं कोणाला आहे?" ती म्हणाली, आणि शब्द परत घेता येत नाहीत म्हणून आणखी चिडली. "काल सकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही. इतका राग मला आजवर कोणाचा आला नाही... आणि दुसऱ्या कोणाचा यावा, असंही वाटत नाही."

अभिमनने पाय गाडीच्या पायरीवरून खाली घेतला. काही बोलणार होता. कंडक्टरने घंटी मारली, मागच्या माणसांनी त्याला आत ढकललं, आणि गाडी निघाली.

दुसऱ्याच दिवशी ती आबांना घेऊन जामनेरला साहेबांच्या कचेरीत गेली. सांगितलं होतं, बजावलं होतं, तरी मी रागाने लिंपलं, असं तिने साहेबांना उभ्यानेच सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो. आबा वाटेत एवढंच म्हणाले की मुलगा स्वभावाने बरा दिसतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी कळलं, अभिमनला परत घेतलंय, पण रावेरच्या पथकात. त्याच दिवशी धुळ्याच्या एका एसटी ड्रायव्हरने आबांना निरोप दिला: अभिमनचे वडील उद्या पहूरला येताहेत. कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. मुलगा बरोबर आहे का, तेही नाही.

आखाजीला बहीण आली, बाळ आलं. दुपारचे दोन वाजून गेले तरी धुळ्याची गाडी आलेली नव्हती. कुंदा दारात उभी होती, आणि चिडलेली होती.