आबांच्या डोक्यावरची किरगिझ टोपी

मी किरगिझस्तानला गेलो त्याचं कारण एकच. माझा साडू लीलाधर तिथे दोनदा जाऊन आला होता!

त्याची मुलगी पुनम तिकडे राजधानीत, बिश्केकला, डॉक्टरकी शिकते. लीलाधर आधी तिला सोडायला गेला, मग भेटायला गेला, आणि तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय राहिली नाही. सासुरवाडी रावेरची, केळीवाल्या बन्सीलाल आबांची. माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. आबांच्या बागेत कटाई असली की ट्रक बोलवायला मी. मोटार जळाली की मी. आबांचा गुडघा धरला की दवाखान्यात मी. आणि कौतुक कोणाचं? तर धरणगावहून सणावारी कडक इस्त्रीत येणाऱ्या लीलाधररावांचं!

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी आल्या होत्या, अंगणातल्या कडुलिंबाला झोके बांधले होते, आणि लीलाधर झोक्यावर बसून देश सांगत होता.

"सोव्हिएत रशिया फुटला तेव्हा वेगळा झाला, आबा. आपले जळगाव-धुळे दोन जिल्हे मिळून जेवढी माणसं, जवळपास तेवढीच त्या आख्ख्या देशात. समुद्र नाही. जिकडे बघाल तिकडे डोंगर."

"आन् तठचं सरकार कसं हाये?" आबांनी विचारलं.

"राष्ट्राध्यक्ष सर्वेसर्वा. पण लोक तिखट! तीन वेळा रस्त्यावर उतरले आणि तीन राष्ट्राध्यक्षांना खुर्ची सोडायला लावली."

"अरे बाप रे! आपल्याच्यानं तं एक सरपंच हालत नाही!"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण आबांनी आपली नेहमीची गांधी टोपी खुंटीला अडकवून लीलाधरने आणलेली पांढरी, उंच, लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची किरगिझ टोपी डोक्यावर चढवली होती. वैशाखातलं रावेर! कावळे नळाखाली बसलेले, आणि आबांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा. तरी टोपी काही काढत नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी मुद्दाम विचारलं, "लीलाधरभाऊ, ते बर्फाच्या शिखरांखालचं, उंचावरचं तळं म्हणतात, ते पाहिलं का तुम्ही?"

तळं मला मोबाइलवर सापडलं होतं. लीलाधरचा झोका थांबला. "नाही बुवा. तिथे गाडी जात नाही. घोड्यावर जावं लागतं."

"मंग ठरलं!" आबांनी मांडीवर थाप मारली. "जो जावाई ते तयं पाहून येईन, त्याच्याच डोक्यात ही टोपी!"

आबा थट्टेत बोलले, हे सगळ्यांना कळलं. आम्हा दोघांना सोडून.

श्रावण लागायच्या आत आम्ही बिश्केकला उतरलो. मी आणि लीलाधर, आणि विमानतळावरून पुढे मधे पुनम. बाजारात पहिलीच गोष्ट दिसली ती केळी. पिवळीधमक, एकसारखी, वर इक्वेडोरचा शिक्का. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाची केळी इथे, आणि आमच्या रावेरचं एक घड नाही! माझ्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

पुढे गाडीत आम्हा दोघांची परीक्षाच सुरू झाली. लीलाधर म्हणाला, इथल्या संसदेला जोगोर्कू केनेश म्हणतात. मी म्हणालो, ते मला पाठ आहे. तो म्हणाला, झेंड्यावर सूर्य आहे, त्याला चाळीस किरण, चाळीस टोळ्यांचे. मी याच घडीची वाट बघत होतो!

"किरण आधी वाकडे होते. संसदेने कायदा करून सरळ केले. तुम्ही आलात तेव्हा जुनाच झेंडा असेल, भाऊ."

लीलाधर खिडकीबाहेर बघायला लागला. पुनम हसू दाबत म्हणाली, "काका, तुम्ही दोघं इथे निवडणुकीला उभे राहा. डोंगर बघा की जरा!"

आणि डोंगर होतेच तसे. आमचा सातपुडा बागेच्या मागे निळसर बसलेला असतो, घरच्या माणसासारखा. हे डोंगर एकावर एक चढत गेलेले, पायथ्याला हिरवं गवत, वर उघडा तांबडा खडक आणि त्याच्याही वर असं बर्फ की बघताना मान दुखावी. रस्ता संपला तिथे मेंढ्यांचे कळप आणि घोड्यांची खिल्लारं चरत होती, आणि उन्हाळ्यापुरते वर राहायला आलेल्या लोकांचे लोकरीचे गोल तंबू दिसत होते. आमचा वाटाड्या जुमाबेक तिथेच भेटला. उन्हाने रापलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या डोक्यावर तीच टोपी! मी लीलाधरकडे पाहिलं. त्याने टोपीकडे पाहिलं.

लग्नातल्या घोडीनंतर मी घोड्यावर बसलो तो त्या दिवशीच. दुपारपर्यंत मांड्या सोलून निघाल्या. खिंडीत पोहोचलो आणि आभाळ फाटलं. गारा! लिंबाएवढ्या! घोडे बिचकले. पुनमने दप्तर डोक्यावर धरलं. आणि आम्ही दोघं बागायतदार मात्र खुळ्यासारखे वर बघत एकदमच ओरडलो, "गेली बाग!" तिथे केळीचं एक पान नव्हतं, कापसाचं बोंड नव्हतं. जुमाबेकला वाटलं आम्हाला लागलंच कुठेतरी.

संध्याकाळी त्याच्या तंबूशी पोहोचलो तेव्हा समोर ओढा आडवा होता. ओढा कसला, चांगली नदीच! राखाडी पाणी दगड लोळवत चाललं होतं. पलीकडच्या चढाला वर एक खाच दिसत होती. तळं त्या खाचेच्या मागे.

जुमाबेकच्या बायकोने घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. आम्ही तिच्या चुलीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, भाजले आणि रावेरचे केळीचे वेफर्स वाटले. जुमाबेकने एक वेफर चावला, मग आख्खी पिशवी जवळ ओढून घेतली. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

सकाळी आभाळ स्वच्छ. ओढ्याकडे गेलो तर काय! पाणी उतरलं होतं. घोड्याच्या जेमतेम गुडघ्यापर्यंत, आणि तळ दिसेल इतकं नितळ. जुमाबेक घोडे कसून उभाच होता.

"आत्ताच निघायचं म्हणतात," पुनम म्हणाली. "ऊन आलं की पाणी येतं."

लीलाधर हसला. "ऊन आलं की पाणी जातं, बेटा. उलट सांगतोय तो."

"कालच्या गारांचं पाणी होतं ते," मी म्हणालो. "रात्रीतून इतकं उतरलं. ऊन तापू द्या, दुपारी पायी जाऊ. आमच्या रावेरची ती सुकी नावाची नदी नाही का? वर सातपुड्यात पाऊस थांबला की झालं."

"अगदी बरोबर!" लीलाधर म्हणाला. "कशाला एवढ्या गारठ्यात पाय घालायचा?"

लग्नं झाल्यापासून आम्हा साडूंचं एकमत झालं ते त्या सकाळी. आणि तेच चुकलं.

पुनमने परोपरीने समजावलं. आम्ही तापीकाठची माणसं, आम्हाला नदी कोण शिकवणार? जुमाबेकने खांदे उडवले. मग आज नको, उद्या पहाटे जाऊ, ओढ्याच्या जवळ फिरकू नका, असं बजावून तो खिल्लाराकडे गेला. पुनम त्याच्या बायकोबरोबर घोड्यांचं दूध काढायला गेली.

ऊन चढलं. चांगलं चटके देणारं, आपल्याकडच्यासारखं. मी तंबूच्या सावलीत डोळा लागू देणार, तोच लगामाचा आवाज आला. लीलाधर घोड्यावर बसत होता! मला न सांगता! एकटाच!

"भाऊ! कुठे?"

"आलोच जरा, पाणी बघून येतो!"

पाणी बघायला कॅमेरा गळ्यात लागतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोड्यावर उडी टाकली आणि टाच मारली.

ओढा पुन्हा राखाडी झाला होता. गर्जत होता! वर डोंगरावर बर्फ उन्हाने वितळत होतं आणि खाली येत होतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कळून काय उपयोग? लीलाधरचा घोडा पाण्यात शिरला होता. तो माझ्या पुढे होता. मीही घातला!

पाणी घोड्याच्या पोटाला लागलं. मग खोगिराला. पाय बधिर झाले. माझा घोडा दणकट, वरच्या अंगाने सपासप कापत निघाला. मी लीलाधरला गाठलं. मागे टाकलं! पलीकडचा काठ आला. घोड्याचे पुढचे पाय दगडावर चढले. समोर चढ, वर ती खाच.

मागे किंकाळी.

वळून पाहतो तर लीलाधरचं खोगीर रिकामं! घोडा धडपडत अलीकडच्या काठाला निघालेला, आणि लीलाधर खाली एका शिळेला दोन्ही हातांनी मिठी मारून. छातीपर्यंत पाणी. कॅमेरा गेलेला.

खोटं कशाला सांगू? मनात आलंच. आधी वर जाऊन एक फोटो काढावा, मग बघू. तेवढ्यात तो ओरडला, "भूपेंद्र! मनी पुनमले सांग..." आणि पुढचं पाण्याने गिळलं. इस्त्रीतल्या लीलाधरच्या तोंडून धरणगावची घरची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

"तूच सांग तिला!" मी ओरडलो आणि घोडा वळवून परत पाण्यात घातला.

घोड्याचा लांब दोर खोगिराला होता. वादळात केळीला ताण देऊन बांधतो तसा फास मारला. ओढेल तेवढा घट्ट बसणारा. फेकला. चुकला! पुन्हा फेकला. लीलाधरने एक हात सोडला. फास काखेत अडकला. "सोड दगड! सोड!" तो सोडेना. "भावजी गेले म्हणून माझ्या बायकोला रडायला लावतोस का? सोड!" सोडला! दोराला असा हिसका बसला की घोडा गुडघ्यावर आला. उठला. पुन्हा बसला. मी त्याच्या मानेला बिलगून शिव्या देत होतो, घोड्याला, ओढ्याला, लीलाधरला, त्या टोपीला. अलीकडच्या काठावरून जुमाबेक भरधाव आला, पाण्यात शिरला, माझ्या घोड्याचा लगाम धरून त्याने आम्हाला सगळ्यांना बाहेर ओढून काढलं.

पुनम धावत आली. बापाचे निळे ओठ पाहून हमसून रडली, आणि दुसऱ्या क्षणी डॉक्टर झाली. "ओले कपडे काढा! दोघांनीही! एकाच पांघरुणात शिरा, अंगाला अंग लागू दे. लाजू नका!"

असे आम्ही दोन साडू, अंगावर सूत नाही, एका लोकरी पांघरुणात! दात वाजत होते दोघांचे.

बऱ्याच वेळाने लीलाधर बोलला. "परत कशाला आलात? पोहोचला होतात तुम्ही."

"तुम्ही वाहून गेला असतात तर आबांनी जन्मभर तुमचेच गोडवे गायले असते. ते कोण ऐकणार?"

तो हसायला गेला आणि खोकला. त्या खोकल्याने पुनमचा चेहरा उतरला.

सकाळी ओढा पुन्हा नितळ. जुमाबेकने खाचेकडे बोट दाखवलं. सोनेरी ऊन नुकतंच तिच्या कडेला लागत होतं. फार लांब नव्हती हो! पण लीलाधरला सणसणून ताप होता, आणि खाली परतीच्या वाटेवर आणखी एक ओढा होता. तोही ऊन चढायच्या आत ओलांडायचा. वाटाड्या एकच.

"तुम्ही जा," लीलाधर म्हणाला. "मी थांबतो."

मी खाचेकडे पाहिलं. मग पुनमकडे पाहिलं. ती बापाच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. मी इतका चिडलो होतो की काय सांगू! लीलाधरवर, त्याच्या तापावर, स्वतःवर. लाथ मारून एक दगड ओढ्यात उडवला आणि घोड्याचं तोंड खाली वळवलं.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, रोट खायला, आम्ही सगळे पुन्हा रावेरला. आणि तिथे काय झालं? पुन्हा झोक्यावर लीलाधर! पडला तो मोठा झाला! "अरे रामा, केवढं पाणी!" "बिचारे लीलाधरराव, किती सुकले!" माझी बायको ज्योत्स्ना, माझी स्वतःची बायको, त्याला दुधाचा पेला आणून देत होती. मी कोपऱ्यात बसून पुरणाचा रोट चावत होतो, आणि पाण्यात पडायचं आपल्याला कसं सुचलं नाही, याचाच विचार करत होतो.

"आन् तयं?" आबांनी विचारलं. "कोनं पायलं?"

लीलाधरने पेला खाली ठेवला.

"कोणीच नाही, आबा. भूपेंद्रभाऊ त्याच्या दारातून दोनदा परत फिरले. दोन्ही वेळा माझ्यापायी."

आबा उठले, गुडघ्यावर हात दाबत माझ्यापर्यंत आले, आणि डोक्यावरची ती टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

काय सांगू तुम्हाला! टोचत होती. श्रावणाचा उकाडा, वारा पडलेला, आत घामाचा पाट. कपाळाला खाज सुटली होती. ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसत होती.

मी मान वर करून लीलाधरकडे पाहिलं. तो टोपीकडे बघत होता. ओठांवर हसू होतं, पण डोळे काही हसत नव्हते. ती नजर मी चांगली ओळखतो. इतके दिवस ती माझीच होती.

मी त्याच्या शेजारी झोक्यावर जाऊन बसलो. टोपी रात्री जेवणं होईपर्यंत काढली नाही.