टाकी संपेपर्यंत उतरायचं नाही

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात.

ही रात्रीची नाही. दिवसाउजेडी घडलेली आहे आणि माझ्याच बाबतीत घडलेली आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राने सांगितलेली नाही. पटली तर पटली. मी आता कुणाला पटवायच्या भानगडीत पडत नाही.

माझी आत्या गाड्यांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होती.

आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. वडील कायम फिरतीवर. मला वाढवलं ते आत्याने. तिने लग्न केलं नाही. "पोर आयती मिळाली, आता नवरा कशाला?" असं म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

तिचं काम ऐकायला सोपं होतं. एका टाकीत गाडी किती लांब जाते, ते बघायचं.

कारखान्याच्या मागे एक ट्रॅक होता. लांबट गोल. आतल्या बाजूला गवत, बाहेरून सगळीकडे तारेचं कुंपण. आत-बाहेर करायला एकच फाटक आणि फाटकाशी पत्र्याची एक केबिन. सकाळी टाकी अगदी गळ्याशी येईपर्यंत भरायची. झाकणाला सील लावायचं. काचा बंद, एसी बंद. मग एकाच वेगाने गोल गोल फिरत राहायचं. इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत. मध्ये थांबायचं नाही. टाकी संपेपर्यंत उतरायचं नाही.

शेजारच्या सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची गोणी ठेवायचे. त्या वर्षी माझं कॉलेज संपलं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. आत्याने साहेबांकडे शब्द टाकला आणि गोणीच्या जागी मला बसवलं.

"गोणी निदान गप्प तरी बसायची," आमचा मेकॅनिक म्हणाला.

तो केबिनमध्ये बसायचा. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे त्याला सगळे ढापण्या म्हणायचे. तोंडावरसुद्धा. मी मात्र दादा म्हणायचे. आमच्याकडे एक वॉकीटॉकी असायचा, त्याच्याकडे एक. दर फेरीला केबिनसमोरून जाताना मी बटण दाबून म्हणायचं, "गेलो." तो म्हणायचा, "बघितलं."

एवढंच माझं काम.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही. सगळीकडे एकसारखा राखाडी उजेड. गाडी नवी कोरी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. सकाळी निघालो. गप्पा मारून झाल्या, गाणी म्हणून झाली. मी एक डुलकी काढली. दुपार उलटून गेल्यावर काटा तळाला टेकला आणि लाल दिवा लागला.

"चला," आत्या म्हणाली. "आता दोनचार फेऱ्या. मग बाईसाहेब बसतील रस्त्यात फतकल मारून."

दोनचार फेऱ्या झाल्या.

आणखी झाल्या.

"चिकट आहे गं ही," आत्या हसली. "कंपनी खूश होणार."

मीही हसले. मी बटण दाबलं. "गेलो."

उत्तर आलं नाही.

केबिनचं दार उघडं होतं. खुर्ची बाहेर टाकलेली होती. खुर्चीत कुणी नव्हतं. मला वाटलं, दादा मागच्या बाजूला गेला असेल.

पुढच्या फेरीला खुर्चीही नव्हती...

मी आत्याला सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला गप्प केलं. मान तिरकी करून ती काहीतरी ऐकत होती.

"काय झालं?"

"ऐक."

मी ऐकलं. काही ऐकू येत नव्हतं.

मग लक्षात आलं. तेच तर ती दाखवत होती.

इंजिनचा आवाज... बंद झाला होता.

फक्त रस्त्यावर टायर घासल्याचा आवाज. एकसारखा. आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झालेला नव्हता.

"आत्या, उतार आहे का इथे?"

"ट्रॅक सपाट आहे."

तिने पाय पेडलवरून उचलला. मला दिसावा म्हणून गुडघा वर घेतला. वेग तोच. तिने किल्ली फिरवली, उपसून काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझले.

गाडी चालतच होती.

"फाटकाकडे वळवते," आत्या म्हणाली. "बाहेर मोकळं मैदान आहे. तिथे जाईल तिकडे जाऊ दे."

वळण संपलं. ती पुढे झुकून बघत राहिली. मीही बघत होते. कुंपणाचे खांब एकामागून एक मागे जात होते. खांब, तार, खांब, तार...

पूर्ण फेरी झाली.

फाटक आलंच नाही. केबिनही आली नाही.

"चुकलं असेल," मी म्हणाले. "मघाशीच गेलं असेल मागे."

मी आत्याला आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. घाबरल्यावर ती ओठ आत ओढून धरते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्यानंतर किती फेऱ्या मारल्या, मला सांगता येणार नाही. आतापर्यंत संध्याकाळ व्हायला हवी होती. पण उजेड तोच होता. तेवढाच, तसाच राखाडी. जणू कुणी दिवसालाच सील लावलं होतं. काचेची बटणं चालत नव्हती. आत कोंदट झालं होतं. नव्या प्लास्टिकचा वास नाकात बसला होता. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरून सारखी तेच म्हणत होते, "दादा, ऐकताय का? दादा..."

आणि खरखर झाली.

"कोण आहे रे सेटवर?"

दादाचाच आवाज! मला रडू फुटलं. "दादा, मी! अहो, गाडी थांबतच नाहीये! आम्हाला फाटक दिसत नाहीये!"



"मी म्हणजे कोण?"

मी माझं नाव सांगितलं.

"ए बाई, कोण आहेस तू?" तो वैतागून म्हणाला. "मस्करी पुरे. ती पोर इथे माझ्यासमोर बसलीये. आत्या-भाची दोघी बसल्यात, चहा घेतायत. गाडी मघाशीच बंद पडली. ढकलत आणली आम्ही."

मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे.

सेटमधून मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे हो?"

तो आवाज माझ्या आत्याचा होता.

मग आणखी कुणीतरी हसलं. नाकातून, फुस्स करून. असं मी हसते...

खरखर थांबली. सेट मेला. पुन्हा काही तो बोलला नाही.

बराच वेळ आम्ही नुसत्या बसून होतो. आत्या स्टिअरिंग धरून. मी किल्ली मुठीत धरून.

मग ती सीटवरून जवळजवळ उभी राहिली आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. डोकं छताला टेकलं. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. गाडी करकरली... आणि हळू झाली. थोडी. अजून थोडी. धावत्या माणसाएवढी.

पण थांबेना. तिने पाय जरा सैल केले, तर लगेच पुन्हा पहिला वेग.

"बघितलंस?" ती धापा टाकत म्हणाली. "मी दाबून धरते. तू दार उघडून उडी मार. गवतावर पड."

"आणि तू?"

"मी नंतर."

"नंतर कशी? पाय काढलास की पळतेय ती!"

"वाद घालू नकोस."

"मी नाही जाणार. आपण दोघी..."

"पोरी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शाळेत सोडताना असायचा तसा. "मी गाड्याच चालवत आलेय गं. माझं मी बघते. तू इथे बसलीस तर माझे हातपाय चालत नाहीत. उतर."

तिने पुन्हा ब्रेकवर अंग टाकलं. मी दार ढकललं. वारा आत घुसला. मी तिच्याकडे वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर रस्त्याकडे बघत होती, दात आवळून.

"आता!" ती ओरडली.

मी उडी मारली.

गवतावर आपटले, लोळत गेले. कोपरात काहीतरी कडकन वाजलं. मान वर केली तेव्हा ट्रॅक रिकामा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गाडी नव्हती. टायरचा आवाजही नव्हता.

आणि उजेड एकदम उतरला होता. संध्याकाळ झाली होती.

समोर फाटक होतं. केबिन होती. केबिनसमोर आमची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि दादा झाकणावरचं सील तपासत होता.

"अगं!" तो माझ्याकडे बघून ओरडला. "हात धुवायला गेलीस आणि हे काय करून आलीस?"

केबिनच्या दारातून आत्या बाहेर आली.

मी धावत सुटले होते. तिच्या गळ्यात पडायचं होतं मला. पण मध्येच थांबले.

तिने मला बघितलं, पण ती आनंदली नाही. घाबरलीही नाही. तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. रिकाम्या ट्रॅककडे. कुणीतरी यायचं राहिलंय, असं. मग ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा पडला...

तिच्या मागे टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. एक अर्धा प्यालेला, अजून वाफ येत असलेला.

तो अर्धा कोण प्यायलं होतं, हे मी कुणालाच विचारलं नाही.

आत्यानेच मला दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती रडत होती. दादाला वाटलं, माझ्या हातासाठी.

गाडीत काही बिघाड निघाला नाही. टाकी कोरडी ठणठणीत होती. एका टाकीत ती जितकी जायला हवी तितकीच गेली होती. ना कमी, ना जास्त. पुढे ती बाजारात आली, खूप खपली. रस्त्यात दिसली की मी आत डोकावून बघते. सवय जात नाही.

आत्याने नोकरी सोडली. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. बाकी सगळं होतं तसंच. तीच बडबड, त्याच खोड्या. माझी पहिली नोकरी, माझं लग्न, माझं बाळंतपण, सगळ्याला ती उभी राहिली. माझ्यासाठी जीव टाकते ती. तिच्यात खोट काढायला जागाच नाही.

फक्त कधीकधी, मी काही बोलत असले की, ती माझ्याकडे टक लावून बघते. जुना फोटो समोर धरून माणसाशी ताडून बघावं, तशी.

काही वर्षांनी तो ट्रॅक बंद झाला. मी एकदा एकटीच तिथे गेले होते. भर दुपारी. जिथे पडले होते त्या जागी उभी राहिले. चिटपाखरू नव्हतं. वारा अजिबात नव्हता.

एकदम माझे केस उडाले. शेजारून गाडी भरधाव गेल्यासारखे.

आवाज नाही. काही नाही.

मी जागची हलले नाही. वाट बघितली. एक फेरी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याने... पुन्हा उडाले.

"आत्या!" मी ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. दर वेळी वाऱ्याच्या मागे धावले. शेवटी तिथेच खाली बसले. परत जायची हिंमत मला नंतर कधीच झाली नाही.

आता आत्या थकली आहे. अंथरुणावरच असते. मी तिचं सगळं करते. मागच्या महिन्यात एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. पिकलेले, विरळ केस. मनात काय आलं कुणास ठाऊक. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं तोंडातून निसटलं.

"ती तिकडे एकटी असेल का गं?"

माझा हात थांबला. आता ती विचारणार, कोण ती, तिकडे म्हणजे कुठे...

तिने विचारलं नाही.

तिने मान भिंतीकडे वळवली.

"नाही," ती म्हणाली. "माझी पोर आहे तिच्याजवळ."

मला उठून जावंसं वाटलं. दार समोरच उघडं होतं. उठता येईना. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, उशीएवढंही वजन नसलेलं, आणि तिचे खांदे हलत होते.

मी पुन्हा कंगवा उचलला आणि विंचरायला लागले.

तिकडे तीही माझ्या आत्याला जपत असेल. मी हिला जपते, तशी.

असेल ना?