डॉक्टरांचा पंच

साई, तो मोबाइल आधी खिशात घाल. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मच्छिंद्र माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता, आणि हे त्यानं मला रडत सांगितलंय.

शनिवार पेठेत चौकीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. पोलिसांना पंच हवा असला की हाक यालाच. जागेवर जायचं नाही, काही बघायचं नाही, नुसती पंचनाम्यावर सही ठोकायची. बदल्यात दुकानाची पाटी फुटपाथवर आली तरी कुणी हटकायचं नाही. स्फोटकांवरच्या संशोधनानं जगभर गाजलेले डॉक्टर बद्रीनाथ धायरीच्या ह्याच बंगल्यात वारले, तेव्हाही यानं अशीच सही केली. पुढे त्या मरणावरून शहर पेटलं, तीन तट पडले. कुणी म्हणे जिन्यावरून पडले, कुणी म्हणे परदेशी हस्तकांनी ठेचलं, कुणी म्हणे विष. तीन वर्षांनी चौकशी बसली. दुसरा पंच तोवर गेला होता. प्रेत कुठे, कसं पडलं होतं हे सांगायला उरला एकटा मच्छिंद्र. सही खोटी ठरली तर तुरुंग ठरलेला.

म्हणून सोळा जानेवारी २००३, गुरुवारी रात्री पावणेअकराला तो हवालदाराकडून किल्ली घेऊन इथे आला. तुम्हा आयटीवाल्यांच्या सोसायट्या तेव्हा नुकत्या उगवत होत्या. जागा पाठ करायची आणि सकाळी अकराला साक्षीत घडाघडा म्हणून दाखवायची, एवढंच त्याचं काम होतं.

दार उघडलं. जिना, टेबल, खुर्ची… तो पायऱ्या मोजायला लागला.

"या, पंच. जरा उशीर केलात. तीन वर्षं."

वरच्या पायरीवर डॉक्टर उभे होते, हसताना पुढचा सोन्याचा दात चमकत होता. मच्छिंद्र दोन पावलं हटला. मागे दार आपोआप लागलं.

"आपण समक्ष पाहिलंय म्हणे. मग पाहून घ्या."

आणि ते कोसळले. प्रत्येक पायरीला हाड मोडल्याचा आवाज. याच्या पायाशी आले तेव्हा मान पाठीकडे फिरलेली होती.

डॉक्टर उठले. दोन्ही हातांनी मान सरळ केली.

"हे एक."

अंधारातून पहार आली. धरणारा हात दिसेना. एक घाव… दुसरा… कवटी फुटली. रक्ताची चिळकांडी याच्या तोंडावर उडाली. गरम.

"हे दोन."

मग पेला. एक घोट. डॉक्टर लादीवर टाचा घासत राहिले. तोंडातून फेस. मग रक्त. यानं डोळे मिटायला पाहिले… पापण्या मिटेनात.

"तीन. सांगा पंच, खरं कोणतं?"

गार बोटं गळ्याभोवती आली. आवळली.

"साहेब… मी… काही बघितलंच नव्हतं."

…

बोटं सुटली.

सकाळी साक्षीत त्यानं हेच सांगितलं आणि सहा महिने आत बसला. तिन्ही तट अजून भांडतायत, भांडू देत.

पण त्या पहाटे तो घरी पोचला, तेव्हा त्याची उजवी मूठ उघडेना. बायकोनं, कांताबाईनं, कोमट तेल चोळून एकेक बोट सोडवलं. आत दात होता. माणसाचा. सोन्याची टोपी बसवलेला, मुळाशी ओलं रक्त. मच्छिंद्रचे सगळे दात जागेवर होते… आणि डॉक्टरांना जाळून तीन वर्षं झाली होती.