वल्ह्याविना काळवी

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीचा सूर्य अजून डोंगराआडच होता. काळवी नदीवरचे धुके तिवरांच्या मुळांत गुंतून पडले होते, आणि तीन बाजूंनी आंबेखोलच्या देसायांच्या फौजेने आवळलेला तिवरदुर्ग, चौथ्या बाजूचा पाणदरवाजा तेवढा नदीकडे ठेवून, वेढ्याच्या एकविसाव्या दिवसाला सामोरा उभा होता.

यंदाच्या वैशाखात देसायांनी तारीवाडा जाळला, तेव्हापासून तिथले, काळवीवर होड्या चालवणारे तारी बायकापोरांसह गडाच्या आश्रयाला होते. झाडीच्या आडून होडी वल्हवीत गडाचे निरोप अडीच कोसांवरच्या सातवड बंदरी, सरदार पिराजीराव घारे यांच्या छावणीत पोचवायचे, ही त्यांची चाकरी. आज मात्र नदीचा विसावा होता. वर्षातून या एका दिवशी काळवीच्या पाण्याला कोणी वल्हे लावीत नसे. वल्ही धुऊन, हळदकुंकू वाहून देवळात उभी करायची आणि नदीला स्वस्थ पडू द्यायचे, ही वाडवडिलांपासूनची रीत.

यंदा किल्लेदार हैबतराव स्वतः देवळापाशी आले. हात जोडून त्यांनी सगळी वल्ही आत ठेवून घेतली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

“वेढ्याचे दिवस आहेत, आवडाई. पूजेच्या वस्तूला कोणाचा हात लागायला नको.”

आवडाई ही ताऱ्यांतली वडीलधारी विधवा. नदीला दिवा दाखवल्यावाचून तीस वर्षांत तिने तोंडात घास घातला नव्हता. एवढा मोठा माणूस आपल्या व्रताची बूज राखतो, म्हणून तिला भरून आले. “देव तुमचं भलं करो, धनी,” ती म्हणाली, आणि ओटीचे सूप घेऊन पाणदरवाज्याकडे उतरली.

तिथे पहाऱ्यावरचा म्हातारा भिकू नाईक बिजागऱ्यांना तेल घालीत होता.

“काय रे नाईक, दरवाज्याला न्हाऊ घालतोस होय?”

तो हसला नाही. “हुकूम आहे. दिवेलागणीला पहारा काढून घ्यायचा, हासुद्धा हुकूम आहे. तटाखालच्या पायवाटेनं देसायाची माणसं येणार. किल्लेदाराला देशमुखी कबूल झालीय.”

“मग बोंब का मारत नाहीस?”

“कोणापुढं मारू? गडावर त्याचा कोण नि आपला कोण, मला उमजेना झालंय. पिराजीरावांस कळलं तरच काही होईल. पण आज तुमचा एकही बाप्या वल्ह्याला शिवायचा नाही. म्हणून तर हा दिवस नेमलाय.”

आवडाईने वर तटाकडे पाहिले. वर गडावर तिची सून नववा महिना घेऊन बसली होती. मुलगा तारीवाड्याच्या आगीत गेला होता. पण त्या क्षणी तिच्या मस्तकात गेली ती देवळापाशी जोडलेल्या हातांची आठवण. तिच्या श्रद्धेचेच कुलूप करून तिच्याच माणसांना कोंडले होते, आणि तिने त्या माणसाला आशीर्वाद दिला होता!

“होडीचा दोर सोड,” ती हळू आवाजात म्हणाली.

“वल्हं?”

“नाही.”

“मग जाशील कशी?”

“ओहोटी लागलीय. नदी जाईल, तिच्यासंगं मी जाईन. वल्हं लावायचं नाही एवढीच रीत आहे. बसायचं नाही, असं कोणी म्हटलंय?”

“भांगाची ओहोटी आहे, बाई. आज कासव तुझ्या पुढं जाईल.”

“जाऊ दे. तू दिवेलागणीला दरवाजा धर म्हणजे झालं.”

होडी निघाली. तटावरून हैबतरावांनी हाक दिली, “कुठं, आवडाई?”

“ओटी भरायला, धनी!” आयुष्यात पहिल्यांदा ती पूजेचे सूप पुढे करून खोटे बोलली, आणि त्याचाही राग तिने त्याच्याच खाती टाकला.

अष्टमीची ओहोटी महिन्यातली सर्वांत मंद. तिवराचे एखादे पान होडीच्या काठाला लागे, ते घटकाभर तिथेच राही. दोन्ही तीरांवर देसायांच्या चौक्या. वल्हवणारे हात रिकामे असले की राग कुठे घालवावा हे कळत नाही. आवडाई मुठी मांडीखाली दाबून बसली होती. एका वळणावर होडी गाळात रुतली. हाताशी तुटलेली फांदी तरंगत होती. ती तिने घेतली, क्षणभर धरली आणि फेकून दिली. मग छातीभर पाण्यात उतरून खांद्याने होडी ढकलली.

तिसऱ्या चौकीच्या जमादाराला संशय आला.

“ए म्हातारे, इकडं लाव!”

“कशानं लावू? तुझ्या मिशीनं?”

चौकीवरचे शिपाई खिदळले. जमादार चवताळून आपल्या ताऱ्यांवर ओरडला, “जा, धरून आणा तिला!”

ते तारीही काळवीचेच. त्यांच्यातला एक उठून उभा राहिला. “मान उतरवा, जमादार. आज पाण्याला वल्हं लागणार नाही.”

जमादाराने बंदूक झाडली. गोळी आवडाईच्या दंडाचे मांस घेऊन गेली. ती होडीच्या तळाशी आडवी पडली, पदराने दंड आवळला, आणि होडी त्याच संथ, जीवघेण्या चालीने पुढे सरकत राहिली.

दोन प्रहरी सातवडला पिराजीरावांनी तिला बसायला घोंगडी दिली, पण कपाळाला आठी घातली. “किल्लेदारासारख्या मातबर असामीवर बालंट आणता, बाई. कागद कुठे? शिक्का कुठे?”

“कागद लिहिणाराच फितूर आहे, सरदार! आज तिथी कोणती, ते तुमच्या ताऱ्यांना विचारा. माझ्या होडीत वल्हं आहे का, तेही बघून या.”

बंदरावरचे तारी होडीपाशी गेले, आत पाहून परत आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, “महाराज, घरात मढं असलं तरी आजच्या दिवशी आमच्यातलं कोणी पाण्यावर येत नाही. ही आलीय.”

पिराजीराव उठले. “घोडी इथेच राहू द्या. डोंगरातल्या वाटेने, पायी!”

दिवेलागणीला देसायांचे दोनशे लोक तटाखालच्या अरुंद पायवाटेवर दाटीने उभे होते, आणि दरवाजा उघडत नव्हता. पहारा काढून घ्यायच्या ऐवजी भिकू नाईक अडसराला पाठ लावून बसला होता. हैबतरावांच्या माणसांनी त्याच्यावर सात वार केले. तरी त्याचे अंग तिथून हलवेपर्यंत पिराजीरावांची तुकडी पायवाटेच्या तोंडाशी भिडली. पुढे बंद दरवाजा, मागे तलवार, खाली पाणी. वेढा त्या रात्रीच उठला.

सकाळी ताऱ्यांनी वल्ही बाहेर काढली. पहिली खेप भिकू नाईकाच्या देहाची होती. नंतर बेड्या घातलेल्या हैबतरावांना हुजुरात रवाना करण्यासाठी पैलतीरी न्यायचे होते. एकही तारी पुढे येईना. तेव्हा बांधलेल्या दंडानिशी आवडाईनेच वल्हे उचलले.

मधल्या धारेत हैबतराव कळवळून म्हणाले, “तू व्रतस्थ बाई, आवडाई. माझ्यासाठी चार शब्द टाक.”

तिने वल्हे थांबवले. होडी क्षणभर जागच्या जागी तरंगली. पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

“व्रतस्थ आहे, म्हणून पलीकडं पोचवतेय,” ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. “नसते, तर इथंच उतरवला असता.”

आणि तिने वल्हे मारले.