काथ्याचा पडदा

लालबागच्या गणपतीत देखाव्यावरचा पडदा वेळेआधी कोणी उघडला, तर गल्ली त्याला वर्षभर टोमणे मारते. निलेश परबला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, त्याची निम्मी हयात देखावे उभारण्यात गेली होती. पण यंदा त्याने जपानच्या कुरे बंदरातली जहाजांची गोदी मांडली, आणि कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला.

हा सगळा घाट त्याने वडिलांसाठी घातला होता. दौलतबाबा तरुणपणी तेलवाहू जहाजावर फिटर होते. आता त्यांना काही आठवत नसे. पोटच्या पोरालाच विचारायचे, "तू कोणाचो रे झील?" दोन वर्षांत त्यांनी निलेशला नावाने हाक मारली नव्हती, आणि ते त्याला फार लागलं होतं. एकदा तरी हाक मारावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

बाबा विसरले नव्हते ते फक्त ती गोदी. त्यांचं जहाज तिथे दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमाने त्यांना तिची गोष्ट सांगितली होती. गोदी मुळात जपानी आरमाराची. तिथे एक अजस्र युद्धनौका बांधली, तीही अशी गुपचूप, की कोणाची नजर जाऊ नये म्हणून भोवती दोरांचे पडदे सोडले होते. पुढे नौका बुडाली, जपान युद्ध हरलं, आरमार मोडलं. मग त्याच गोदीत, त्याच हातांनी तेलाची जहाजं बांधायला घेतली.

"मुकादम काय बोललो, ठाऊक आसा?" इथे बाबा आवाज खाली आणत. "आतलो शेवटचो माणूस भायर येईपर्यंत पडदो उघडूचो नाय. उघडलो, तर तो थयच आत रवता."

म्हणून निलेशने पडदाही दोरांचाच केला, काथ्याच्या. गावाहून दोर मागवून रुपालीने, त्याच्या बायकोने, स्वतः विणला.

गणपती बसायच्या आदल्या दुपारी सुतार जेवायला गेले होते. रुपालीने बाबांना खाली आणून पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. मांडवात पिवळट, झोपाळलेला उजेड होता. काथ्याचा उग्र वास येत होता. निलेश बाबांचा हात धरून बसला, आणि त्याचेही डोळे जड झाले.

ठण्... ठण्...

पडद्याआड लोखंडावर घण पडत होता. आत तर सगळं प्लायवूडचं होतं.

"आत कोण राहिलंय का गं?"

"कोणी नाही. सगळे जेवायला गेलेत," रुपाली पुटपुटली.

तापलेल्या लोखंडाचा वास आला. मग लांबून, खोल विहिरीतून यावा तसा, आवाज आला.

"निलू... थांब हां... येतंय मी..."

आवाज बाबांचा होता. तरुण, खणखणीत, निलेशच्या लहानपणीचा. आणि बाबा तर शेजारी खुर्चीत होते, ओठ मिटून. त्यांची बोटं मात्र निलेशच्या मनगटावर आवळत चालली होती.

"निलू... इलंय रे... जरा थांब..."

दोन वर्षं ज्या हाकेसाठी जीव टाकला, ती ऐकून कोण थांबेल? निलेशने मोकळ्या हाताने दोर ओढला. पडदा सर्रकन वर गेला.

आत प्लायवूडचं जहाज होतं, रंगाचे डबे होते, आणि चिटपाखरूही नव्हतं. घण थांबला होता.

बाबांनी मान वळवली. त्यांनी पोराला ओळखलं होतं, त्यात शंकाच नव्हती. डोळे भरून आले होते.

"थांबलंस नाय रे, निलू... येतच होतंय मी."

मनगटावरची बोटं सुटली.

बाबा अजून आहेत. जेवतात, झोपतात, पण त्या दुपारनंतर एक शब्द बोललेले नाहीत. तो पडदा गोदामात गुंडाळून ठेवलाय. निलेश रोज दुपारी त्याच्याशेजारी जाऊन बसतो, कारण त्या गुंडाळीत अजून घण वाजतो, आणि रोज जरा लांबून.