चाळीस पिशव्यांतली फळं

"कुणीतरी माझी आठ वर्षं मातीत घातली," संशोधिका म्हणाली आणि तिने एक डहाळी टेबलावर ठेवली. डहाळीला मलमलीची पिशवी बांधलेली, पिशवीत फळं.

वहिनींनी चष्मा चढवला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत. खरा दीर मात्र एकच, शेजारी बसलेला निवृत्त कंपाउंडर.

"फळं धरली, मग बिघडलं काय?" त्याने विचारलं.

"हे झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलतं. माझं म्हणणं, मधमाशीने दुसऱ्या झुडपाचे पराग आणले तरच फळ धरतं. माझा सहकारी म्हणतो, स्वतःचेही चालतात. म्हणून कळ्या असतानाच मी चाळीस फांद्या बांधल्या. माशी शिरणार नाही, फळ धरणार नाही. आणि चाळीसही फळल्या! तो खरा, मी खोटी."

तिघं टेकडीवर गेली. बहर ओसरत आला होता. उरल्यासुरल्या जांभळ्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड होती. वहिनींनी एक फूल बोटावर झटकलं. पराग पांढरे. मग एक पिशवी सोडून उलटी केली. शिवणीत पिवळी भुकटी होती.

"पिवळे पराग कुठले?"

"पलीकडच्या उतारावरच्या याच जातीच्या झुडपांचे. तासाभराची चढण आहे."

एकही फांदी दुखावलेली नव्हती.

सहकारी खुशीत होता. "पहिल्यापासून सांगत होतो, ते झुडूप एकटंच फळतं. पण बाईसाहेबांचं नाव मोठं ना, माझं ऐकतं कोण!"

संशोधिकेचा नवरा घड्याळजी. दुकानात तो नाजूक ब्रशने चाकांवरची धूळ झाडत होता.

"सवत बायकांना असते म्हणतात. मला आहे," तो हसला. "जेवताना रोज तेच पुराण. मी नुसती मान डोलावतो. डोक्यात काही शिरत नाही."

"सहकाऱ्याचंच काम," बाहेर पडताना दीर म्हणाला. "फायदा त्याचाच."

"भावजी, संध्याकाळी सगळ्यांना संशोधिकेच्या घरी बोलवा."

सगळे जमल्यावर वहिनी सहकाऱ्याकडे वळल्या. "तुमचा जळफळाट खरा. पण झुडूप एकटंच फळतं असं मानणारा माणूस तासभर चढून परके पराग कशाला आणेल? तो हात न लावता वाट बघेल. ज्याने आणले, त्याला पक्कं ठाऊक होतं की या बाईंचंच खरं आहे. फुलाफुलाला ब्रश लावला, पिशव्या पुन्हा बांधल्या, काडीसुद्धा मोडली नाही. असा हात घड्याळजीचा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या डोक्यात तिचा शब्दन् शब्द शिरत होता."

नवऱ्याने नाकारलं नाही. "मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा ही कळ्या मोजत होती. वाटलं, एकदा हरली की घरी येईल."

संशोधिका उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दीर घाबरून अर्धवट उठला.

"पराग नेमक्या कुठल्या झुडपाचे घेतलेस?" तिने वही उघडली. "फुलं तोडल्यावर किती वेळाने लावलेस?"

नवरा वहिनींकडे वळला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "का केलंस, हे विचारलंच नाही तिने."