रस्त्यावरचा श्वास

नाशिकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डॉ. फिरदौस मुकादम यांनी तळहाताएवढं यंत्र टेबलावर ठेवलं. त्याचं नाव श्वासवाचक. प्रत्येकाच्या उच्छ्वासात त्याची स्वतःची श्वासमुद्रा असते, शिवाय राग, भीती, आजार, समाधान यांचे अंशही उतरतात, असं त्यांनी निरीक्षक शर्वरी मोकाशीला समजावलं. खिडकीच्या फटीतून झिरपलेली हवाही यंत्राला पुरत होती.

"आणि झडतीचा हुकूम?" शर्वरीने विचारलं.

"घरात पाऊल टाकायचं तर लागेलच. पण रस्त्यावर आलेली हवा घरमालकाची राहत नाही, असा निकाल आहे. फक्त आधी तुमचा स्वतःचा श्वास यंत्राला द्यायचा. तो नोंदवून वजा केल्याशिवाय दुसऱ्याचा वाचता येत नाही."

मूर्तिचोरांच्या शोधात शर्वरी यंत्र घेऊन गल्लोगल्ली हिंडली आणि माळ्यावर दडलेला एक चोर तिने बाहेरूनच हेरला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मग एका संध्याकाळी तिची पावलं अनिरुद्धच्या फाटकाशी थांबली. शर्वरीशी घटस्फोट झाल्यावर त्याने केतकीशी लग्न केलं होतं. तपासाच्या भागातच हे घर येतं, असं शर्वरीने स्वतःला बजावलं आणि यंत्र सुरू केलं. दोन श्वास. दोन्हींत समाधान. तिच्याबरोबरच्या संसारात अनिरुद्ध सदा धुसफुसत असे. तोच माणूस इथे निवांत होता. कधीतरी या घरातही खटका उडेल, या आशेने ती पुन्हा पुन्हा जात राहिली. एकदा केतकीचा श्वास बदललेला दिसला. यंत्राने कारण दाखवलं: गर्भ.

पुढे भाजीबाजारात केतकी समोर आली तेव्हा शर्वरीला राहवलं नाही. "आता जड पिशव्या उचलू नका," ती म्हणाली.

केतकी गोंधळून पाहत राहिली. तिला स्वतःला अजून काही ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात डॉक्टरांनी ती गरोदर असल्याचं सांगितलं, तेव्हा शर्वरीचं बोलणं आठवून तिच्या अंगावर काटा आला. शर्वरी श्वासवाचक घेऊन हिंडते हे अनिरुद्धला ठाऊक होतं; त्याने न्यायालयात दाद मागितली.

शर्वरी ठाम होती. आपण फाटक ओलांडलं नाही, कशालाही हात लावला नाही. बाहेर सोडलेला श्वास कोणाच्या मालकीचा नसतो, असं तिने सांगितलं. न्यायाधीश देवयानी खांडगे यांनी रस्त्यावरच्या हवेबद्दलचा तो आधीचा निकाल चाळून मान डोलावली. तिचं म्हणणं कायद्याला धरून होतं.

तेव्हा अनिरुद्धच्या वकिलांनी एवढीच विनंती केली, की त्या फाटकाशी यंत्राने दर वेळी वजा केलेला श्वासही वाचून दाखवावा.

शर्वरी ताडकन उठली. "तो माझा श्वास आहे. खासगी आहे."

न्यायाधीशांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "तोही रस्त्यावरच सोडला होता ना, मोकाशीबाई?"

डॉ. मुकादम यांनी यंत्र जोडलं. पहिल्या भेटीचा निष्कर्ष वाचताना त्यांचा आवाज खाली आला. "मत्सर." दुसऱ्या भेटीचाही तोच. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्रावरून नजर काढली, तेव्हा न्यायाधीशांनी पुढे वाचायला सांगितलं. समोरच्या बाकावर केतकीने पोटावर हात ठेवला होता. ती शर्वरीकडे पाहत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

यंत्र अजून चालूच होतं. शर्वरीने श्वास रोखून धरला, जमेल तितका वेळ.